रंगमंडपातला मल्ल आणि घरातला माणूस

आजचं वाचन: श्रीमद्भागवत, दशम स्कंध, अध्याय ४३ आणि ४४.

कंसाने मथुरेत भरवलेला हगामाच म्हणा हा. आखाडा सजवलाय, मंच बांधलेत, वाद्यं वाजतायत, गावोगावची माणसं येऊन बसलीत. गोकुळातून आलेले नंदबाबा आणि गोपही आणलेल्या भेटी राजाला देऊन एका मंचावर बसलेत. चाणूर, मुष्टिक, कूट, शल, तोशल अशी नावाजलेली मंडळी मैदानात उतरून बसली आहेत. आपल्याकडच्या यात्रेत हलगी सुरू झाली की पोरं पळत सुटतात, अगदी तसंच. फरक एवढाच, की इथे इनाम नाही. इथे दोन पोरांना मारायचं ठरलेलं आहे आणि कुस्ती हे फक्त निमित्त.

दारात कुवलयापीड हत्ती उभा केलेला. त्याला मारून, त्याचा सुळा खांद्यावर टाकून कृष्ण आणि बलराम आखाड्यात येतात. आणि इथे भागवतकार थांबतात. कुस्ती लागायच्या आधी ते मैदानाकडे न बघता बघणाऱ्यांकडे बघतात. तोच कृष्ण मल्लांना वज्रासारखा दिसला. बायकांना मदनासारखा. गोपांना आपल्यातलाच एक. आईबापांना लेकरू. दुष्ट राजांना शासन करणारा, आणि कंसाला तर साक्षात मृत्यू. योग्यांना परमतत्त्व. एकच माणूस, एकच मैदान, आणि दिसणारी रूपं मात्र बघणाऱ्यागणिक वेगळी.

हा प्रसंग कीर्तनात बहुतेक वेळा देवाचा महिमा म्हणून सांगतात, आणि ते बरोबरच आहे. पण आज वाचताना मी दुसऱ्याच जागी अडकलो. कृष्ण कुठूनही बघितला तरी खरा होता. आपण माणसं तशी नसतो. मैदानातून दिसणारा पैलवान आणि त्याच्या स्वयंपाकघरातून दिसणारा पैलवान हे दोन वेगळे गडी असू शकतात. ज्याच्यासाठी आपण शिट्ट्या मारतो, ज्याचा फोटो मोबाईलवर लावतो, तो घरी कसा आहे?

हा प्रश्न माझा एकट्याचा नाही. आमच्या चकलांब्याच्या बाजूला, सगळ्या गेवराई तालुक्यातच म्हणा, कुस्तीचं वेड जुनं आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातला बापसुद्धा पोराच्या खुराकाला पैसे मागे टाकतो. अशाच एका घरातल्या माउलींनी मला विचारलं होतं, "दादा, पोरगं तालमीत घालायचं म्हणतंय. शरीर होईल, पण माणूस होईल का?" त्यांनी भिंतीवरच्या एका फोटोबद्दलही विचारलं होतं. फोटो सुशील कुमारचा.

तो फोटो का खटकला, हे सांगायला नको. २००८ ला बीजिंगमध्ये कांस्य, २०१२ ला लंडनमध्ये रौप्य. वैयक्तिक खेळात दोन ऑलिंपिक पदकं मिळवणारा स्वतंत्र भारतातला पहिला खेळाडू. गावोगावच्या तालमीत मारुतीच्या तसबिरीच्या बाजूला त्याचं पोस्टर होतं. आणि मे २०२१ मध्ये दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियमवरच्या मारहाणीत सागर धनखड हा तरुण पैलवान गेला, आणि त्या खुनाच्या आरोपाखाली सुशीलला अटक झाली. तो आरोपी आहे. दोषी की निर्दोष हे कोर्टाने सांगायचं. मी किंवा तुम्ही नाही. पण ज्या मैदानावर तो घडला, त्याच मैदानावर एक कोवळा पैलवान मार खाऊन मेला, एवढं तर सगळ्या जगाने पाहिलं. त्या माउलींचा प्रश्न तिथून आलेला.

आपल्याला फार लांब जायचीही गरज नाही. फेब्रुवारी २०२५, अहिल्यानगर, महाराष्ट्र केसरी. गादी विभागात पृथ्वीराज मोहोळविरुद्ध निकाल गेला म्हणून शिवराज राक्षेने पंचांना लाथ मारली. दोन वेळचा महाराष्ट्र केसरी. तीन वर्षांचं निलंबन झालं. आता खरं बोलायचं तर पंचांचा निर्णय बरोबर होता की नाही यावर पारावर अजून वाद होतात, आणि व्हिडिओ बघून शंका घेणाऱ्यांना मी खोटं म्हणणार नाही. अन्याय झाला असं गृहीत धरू. म्हणजे परीक्षा तिथूनच सुरू झाली ना? जिंकल्यावर सगळेच पाया पडतात. निकाल अंगावर आल्यावर हात, पाय आणि जीभ कुणाच्या ताब्यात आहे, तेव्हा कळतं.

इथे मला आमच्या गोदाकाठची गोष्ट आठवते. पैठणला नाथमहाराज गोदावरीत स्नान करून यायचे आणि एकजण त्यांच्या अंगावर थुंकायचा. महाराज परत नदीत. परत तो थुंकायचा. एकशेआठ वेळा झालं म्हणतात. शेवटी तोच पाया पडला, आणि नाथांनी उलट त्याचेच आभार मानले, तुझ्यामुळे आज इतक्या वेळा गंगास्नान घडलं म्हणून. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला नाथ गरीब वाटायचे, बिचारे वाटायचे. आता वाटतं, एकशेआठ डाव परतवून लावणारा याच्यासारखा गडी दुसरा नसेल.

मग पैलवान म्हणजे रागीट, दांडगट, असं म्हणायचं का? मुळीच नाही. हा आपल्या समाजाचा दुसरा अन्याय. कान मोडलेला, मान जाड झालेला माणूस दिसला की लोक त्याला गुंडाच्या रकान्यात टाकून मोकळे होतात. मी जवळून पाहिलेले बहुतेक पैलवान हे लाजाळू, कमी बोलणारे, म्हाताऱ्यांना बघून उभे राहणारे. ज्याला रोज मातीत कुणीतरी पाडतं, त्याला स्वतःची किंमत नीट माहीत असते.

खाशाबा जाधवांचं बघा. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल. १९४८ ला लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा आला. १९५२ ला हेलसिंकीला जायचं तर पैसे नाहीत. गावाने वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गावाने बैलगाड्या जुंपून मिरवणूक काढली. इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. मला पुढची महत्त्वाची वाटते. पदक घेऊन आल्यावर त्यांनी कोल्हापुरात कुस्त्या भरवल्या, स्वतः लढले, आणि त्या पैशातून प्राचार्यांचं कर्ज फेडलं. घर सोडवून दिलं. ऑलिंपिकवीर झालेला माणूस उसने पैसे परत करायला पुन्हा मातीत उतरतो, याला काय म्हणायचं? पुढे १९५५ ला पोलिसात फौजदार म्हणून लागले, वर्षानुवर्षं नोकरी केली, १९८४ ला अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. हयातीत त्यांचा योग्य मान झाला नाही ही आपली लाज आहे, त्यांची नव्हे. पदक बघायला सगळं जग होतं. कर्ज फेडताना बघायला कोण होतं? घर सुटलं तो एक प्राचार्य.

आणि आपल्या बीडचा राहुल आवारे. पाटोद्याचा. २०१८ ला गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्ण, २०१९ ला जागतिक स्पर्धेत ६१ किलोत कांस्य. ते सुवर्ण त्याने आपले गुरू रुस्तम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार यांना अर्पण केलं, आणि बिराजदार मामांना जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. गेलेल्या माणसाची आठवण ठेवणारा मुलगा कृतघ्न नसतो, एवढं मी यावरून म्हणेन. त्यापुढे तो घरी कसा बोलतो, कसा वागतो, ते मला माहीत नाही आणि ते माहीत करून घ्यायचा मला अधिकारही नाही.

हे वाक्य जरा जपून लिहिलंय. कारण आजकाल आपल्याला प्रत्येकाच्या घरात डोकावायची खोड लागली आहे. कुणाचं लग्न मोडलं, कुणाचं भावाशी पटत नाही, ही आपली पंचायत नाही. पण घरात कुणी मार खात असेल, कुणाला लुबाडलं जात असेल, तर ती गोष्ट खाजगी राहत नाही. ही रेघ मी का ओढतो ते पुढे येईल.

आता तालमीतला एक शब्द घेऊ. "लंगोटाचा सच्चा." पैलवानाच्या चारित्र्याचं आपलं सगळ्यात मोठं प्रमाणपत्र हेच. व्यसन नाही, बाईचा नाद नाही, पहाटे चारला उठतो, जोर-बैठका मारतो, दूध-बदाम-तूप खातो. झालं, माणूस चांगला! मला हे प्रमाणपत्र अपुरं वाटतं, आणि हे मी एकटा म्हणत नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी तपाचे तीन भाग केले आहेत: शरीराचं, वाणीचं आणि मनाचं. शरीराच्या तपात गुरूंचा मान, स्वच्छता, सरळपणा, ब्रह्मचर्य येतं. आणि त्यातच अहिंसाही येते, हे आपण वाचताना पटकन पुढे सरकतो. वाणीच्या तपात समोरच्याला न टोचणारं, खरं आणि हिताचं बोलणं. मनाच्या तपात प्रसन्नपणा, सौम्यपणा, भाव शुद्ध असणं.

तालीम पहिल्या भागातलं बरंचसं शिकवते, आणि उत्तम शिकवते. त्या तोडीची शिस्त मला कॉलेजातसुद्धा कुणी लावली नाही. पण वाणीचं आणि मनाचं तप तालमीत आपोआप होईल असं आपण धरून चालतो. ते कसं होईल? बारा वर्षांचं पोरगं घर सोडून पुण्याला, कोल्हापूरला जातं. आई आजारी पडली तर ते तिथे नसतं. बहिणीचं लग्न ठरताना नसतं. सकाळी मेहनत, दुपारी झोप, संध्याकाळी पुन्हा मेहनत. बापाने त्याच्या खुराकासाठी रान विकलं, हे त्याला फोनवर कळतं. दहा-पंधरा वर्षांनी, गुडघा गेल्यावर, तो घरी येतो तेव्हा शरीर हत्तीचं आणि संसाराची माहिती बारा वर्षांच्या पोराची. त्यात नोकरी नाही. त्यात कुणी पुढारी गाडीत पुढच्या सीटवर बसवतो, कारण सभेत मागे उभं राहायला असा गडी लागतो. सगळे असे होत नाहीत. पण जे होतात त्यांचं कारण मातीत नसून मातीबाहेर आपण त्यांचं जे केलं त्यात आहे, असं माझं मत आहे.

गीतेच्या त्याच अध्यायात पुढे आणखी एक बारीक गोष्ट आहे. मान-सन्मानासाठी केलेलं तप राजस, आणि दुसऱ्याला ठेचण्यासाठी हट्टाने केलेलं तप तामस. म्हणजे दोन पैलवान एकाच तालमीत, एकाच वस्तादाखाली, तेवढेच जोर मारतील. एकाचं तप सात्त्विक आणि दुसऱ्याचं तामस असू शकतं. बाहेरून ओळखू येणार नाही. आमच्या कामातही असं होतं. डेमोमध्ये सगळं चकाचक चालतं, आणि खरी गडबड कुठे आहे ते रात्री दोनला, बघायला कुणी नसताना कळतं. (असो. ही उपमा ऑफिसच्या लोकांपुरती.)

आणि सातव्या अध्यायात तर भगवंत म्हणतात की बलवानांमधलं बळ मी आहे. पण लगेच अट घालतात: हाव आणि आसक्ती नसलेलं बळ. सगळंच बळ देवाचं, असं ते म्हणत नाहीत. कंसाचंही बळच होतं.

आता पुन्हा मथुरेत येऊ. ४४ व्या अध्यायात कुस्ती लागते. हात, पाय, गुडघे, डोकी, छाती एकमेकांवर आदळतायत. आणि बोलतं कोण? आखाड्याभोवती बसलेल्या बायका. हे पहाडासारखे गडी आणि ही मिसरूड न फुटलेली पोरं, ही जोड तरी आहे का, असं त्या आपसात म्हणतात. राजा बघतोय आणि त्याच्यासमोर हा अधर्म चाललाय. जिथे अधर्म होतो तिथे थांबू नये. आणि पुढचं तर काळजाला लागतं: अशा सभेत बसून जो गप्प राहतो, जो उलटं बोलतो, आणि जो मला काही ठाऊक नाही म्हणतो, त्या तिघांनाही दोष लागतो.

कुस्तीआधी कृष्णानेही चाणूराला हेच सांगितलं होतं. आम्ही पोरं आहोत, आमची जोड आमच्या बरोबरीच्यांशी लाव, म्हणजे बघणाऱ्यांना पाप लागणार नाही. काळजी कुणाची? बघणाऱ्यांची! स्वतःच्या जिवावर उठलेल्या आखाड्यात उभं राहून हा मुलगा प्रेक्षकांच्या पापाचा विचार करतोय. टाळ्या वाजवणाराही हिशेबात धरला आहे, एवढं मला त्यातून कळतं.

महाभारतातलं विराटपर्व याच्या शेजारी ठेवून बघा. कीचक हा मत्स्यदेशाचा सेनापती, राजाचा मेहुणा, राज्य त्याच्या जोरावर उभं. लोक त्याला वीर म्हणूनच ओळखत असणार. त्याचं दुसरं रूप फक्त सैरंध्रीला, म्हणजे द्रौपदीला, माहीत. ती पळत भर सभेत आली, तो मागे आला आणि सगळ्यांसमोर त्याने तिला लाथ मारली. विराटराजा काय म्हणाला? तुमचं भांडण माझ्या डोळ्यांआड झालं, खरं काय ते मला ठाऊक नाही, मी काय न्याय करणार? मथुरेच्या बायकांनी सांगितलेला तिसरा दोषी तो हाच. लाथ डोळ्यांसमोर बसली, तरी ठाऊक नाही. कारण कीचक गेला तर सीमा कोण राखणार! गंमत म्हणजे त्याच राजवाड्यात भीम बल्लव नावाने स्वयंपाकी होता, उत्सवात कुस्त्याही मारायचा, जीमूत नावाचा मोठा मल्ल त्याने चीत केला होता. एकाच राजाच्या पदरी दोन बलदंड माणसं. एकाला अंगावर सेनापतीची वस्त्रं, एकाच्या हातात पळी. द्रौपदी रात्री कुणाकडे गेली, ते सांगायला नको.

आपल्या भागातल्या एका गावात घडलेलं सांगतो. गावाचं नाव नको, माणसाचं तर नकोच. यात्रेत शेवटची मानाची कुस्ती जिंकलेल्या एका पैलवानाचा सत्कार ठरला. फेटा, शाल, ट्रॅक्टरवरून मिरवणूक. मी फोनवर आईला कौतुकाने सांगितलं. आई गप्प राहिली, मग म्हणाली, "आरं, त्याच्या बायकूला इचार की मग." एवढंच. नंतर कळलं की ती बाई दोनदा माहेरी जाऊन आली होती, एकदा हात मोडून. सगळ्या गल्लीला माहीत होतं. सत्कार समितीलाही माहीत होतं. "कुस्ती वेगळी, घर वेगळं," असं एक नाना म्हणाले. आणि ती बाई सत्काराला नव्हतीच. आपल्याकडे हगाम्याला बायका बसतच नव्हत्या ना! गल्लीतल्या माडीवरून बघायच्या, नाहीतर नाहीच. मथुरेच्या आखाड्यात निदान बायकांना मंचाजवळ बसायला जागा होती, म्हणून अधर्म आहे हे बोलायला कुणीतरी होतं. आपण तो आवाज मैदानाबाहेर ठेवला आणि वर म्हणतो, आम्हाला काही ठाऊक नाही. आता दिवस बदलतायत. २०२३ ला सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडी जिंकली. पोरी मातीत उतरल्यात. पोरी मैदानाभोवती बसू लागल्या की मैदानाची भाषाही बदलेल, असं मला वाटतं.

"कुस्ती वेगळी, घर वेगळं" यात अर्धं खरं आहे, म्हणून ते वाक्य इतकं चालतं. कुस्ती ज्याने मारली त्याला इनाम मिळालंच पाहिजे. घरी वाईट वागतो म्हणून चितपट झालेली कुस्ती बरोबरीत सुटत नाही. इनाम कष्टाचं आहे, ते द्या, रोख मोजून द्या. पण फेटा ही वेगळी वस्तू आहे. फेटा बांधताना आपण पोरांना सांगत असतो की असा हो. इनाम डावाला असतं, फेटा माणसाला असतो. त्या समितीने इनाम देऊन थांबायला हवं होतं, आणि एखाद्या जाणत्याने त्याला बाजूला घेऊन चार शब्द सुनवायला हवे होते. पैलवान बाकी कुणाचं ऐकणार नाही, पण वस्तादाचं ऐकतो. वस्तादाने एकदा "पुन्हा हात उचललास तर तालमीची पायरी चढू नको" म्हटलं असतं, तर ते पोलिसांच्या आधी लागू पडलं असतं. आणि नाही पडलं तर पोलीस आहेतच. चकलांब्याला ठाणं आहे, आणि तसं ते प्रत्येक भागात कुठेतरी आहे. बायकोवर हात उचलणं हा गुन्हा आहे, गदा मिळवलेल्यालाही.

त्या माउलींना मी फोटो काढा असं सांगितलं नाही, ठेवा असंही नाही. त्यांना मी हनुमंताची एक गोष्ट सांगितली, ती इथेही लिहितो, कारण प्रत्येक तालमीत मारुती असतो आणि आपण त्याची फक्त गदा बघतो.

सुंदरकांडात हनुमंत सीतामाईला शोधायला रात्री रावणाच्या अंतःपुरात शिरतो. सगळीकडे झोपलेल्या स्त्रिया. कुणाची वस्त्रं सरकलेली, कुणाचे दागिने निखळलेले. तो एकेकीचा चेहरा बघत पुढे जातो. अंधार आहे, सगळे झोपेत आहेत, राम समुद्रापलीकडे आहे. विचारणारं कुणी नाही. आणि तिथे तो थबकतो. परस्त्रियांना असं झोपेत पाहिलं, यात माझा धर्म तर बुडाला नाही ना? मग तो स्वतःच स्वतःची तपासणी करतो: पाहिलं खरं, पण माझं मन जरासुद्धा हललं नाही, आणि सगळं चालतं ते मनामुळे. शिवाय हरवलेल्या स्त्रीला स्त्रियांमध्येच शोधावं लागणार, हरणांच्या कळपात नाही. एवढा हिशेब झाल्यावर तो पुढे पाऊल टाकतो.

उड्डाण करून समुद्र ओलांडला ते सगळ्या वानरांनी पाहिलं. हे कुणी पाहिलं नाही. वाल्मीकींनी दोन्ही लिहिलं. मी त्या माउलींना म्हटलं, ताई, पोराला तालमीत घालाच. फक्त वस्ताद बघताना त्याच्या गदा मोजू नका. तो त्याच्या तालमीतल्या सगळ्यात कच्च्या पोराशी कसा बोलतो ते बघा, भांडी घासणाऱ्या मुलाशी कसा बोलतो ते बघा, आणि जमलं तर त्याच्या घरच्यांना भेटून या. आणि पोरगं सुट्टीला आलं की त्याला नुसतं तूप वाढू नका, भाकरी थापायला बसवा, आजीचे पाय दाबायला लावा. "आमचा पैलवान भाकरी थापंल व्हय!" म्हणून त्या हसल्या. भीम थापायचाच की, विराटाच्या घरी.

४४ वा अध्याय संपत आलाय. चाणूर पडला, मुष्टिक पडला, उरलेले मल्ल जीव घेऊन पळाले. मग कृष्णाने काय केलं बघा. आपल्या गोप मित्रांना मैदानात ओढलं आणि त्यांच्याबरोबर पोरांसारखा खेळला, नाचला, पायात पैंजण वाजत होते. त्यानंतर कंस. आणि कंस मेल्यावर त्याच्या बायका छाती बडवत आल्या, तेव्हा जिंकलेल्या कृष्णाने त्यांचं सांत्वन केलं, गेलेल्यांची क्रियाकर्मं करायला लावली. सगळ्यात शेवटी तो बंदीत असलेल्या आईबापांकडे गेला, त्यांच्या बेड्या काढल्या आणि पायांवर डोकं ठेवलं. देवकी-वसुदेव मात्र त्याला जगाचा ईश्वर समजून हात जोडून उभे राहिले, जवळ घ्यायला धजावले नाहीत.

उद्या अध्याय ४५. त्यात कृष्ण आईबापांना म्हणतो की इतकी वर्षं आमच्याकडून तुमची काहीच सेवा झाली नाही. मग राज्य स्वतः न घेता उग्रसेनाला देतो, आणि दप्तर घेऊन सांदीपनींच्या आश्रमात शिकायला जातो. वाचून ठेवा, सकाळी बोलू.

राम कृष्ण हरी.